सावकाश चालणारा बोर्ड

कॉम्प्युटर वर्षभरात जुना व्हायचा, त्या नव्वदच्या दशकातली गोष्ट. बिघडलेला प्रिंटर घेऊन मी विश्रामबागेतल्या दुरुस्तीच्या दुकानात कंटाळून बसलो होतो. शेजारी जतहून आलेले एक थकलेले गृहस्थ जुन्या मदरबोर्डांचा ढीग उपसत होते. प्रत्येक बोर्ड नाकाशी धरून हुंगायचे. जळका वास आला की बाजूला ठेवायचे.

"काका, हा न्या. झटकन सुरू होतो," दुकानदार वैतागून म्हणाला.

"झटकन नगं. घरचा जळला, त्या पयल्यासारखा सावकाश पायजे."

"सावकाश कशाला?" मी विचारलं.

त्यांनी हातातला बोर्ड सदऱ्याला पुसला. "सुरू हुताना पडद्यावर मेमरीचं आकडं चढत्यात न्हवं? आमच्या मंडळींच्या अंगावरनं वारं गेलंय. गप पडून असती. पोराच्या कॉम्प्युटरवर आकडं चढाय लागलं, की मोठ्यानं वाचती. दिसभरात तेवढंच बोलती."

दुकानदाराने टेबलाखालचा सगळ्यात जुना बोर्ड काढला, जोडला, सुरू केला. आम्ही तिघेही पडद्याकडे बघत राहिलो. गृहस्थांचे ओठ हलत होते. आकडे थांबले.

"ह्यो बी जरा घाईच करतोय," ते म्हणाले आणि पुन्हा ढिगाशी वाकले.