जावयाची सिगार

खेमसिंग राठोड आमच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार होता. कापसाच्या कारखान्यात काडीपेटीला थारा नसतो. गाडीवान असो की मालकाचा पाहुणा, आत येणाऱ्याच्या खिशातल्या बिड्या, काडीपेटी, लायटर खेमसिंग काढून घ्यायचा, पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचा आणि जाताना ज्याचं त्याला परत द्यायचा. तो स्वतः तंबाखूचा मोठा शौकीन, पण नोकरीभर त्याने ओढली ती फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून. मी त्याच जिनिंगमध्ये हिशेबाच्या टेबलावर आहे. दुपारच्या सुट्टीत माझी एकुलती सिगारेट ओढायला मीही पुलियावर जायचो. मैत्री जमली ती तिथेच. तो मला बाबूजी म्हणायचा, आणि रिटायर झाल्यावरही आर्णीत आला की भेटल्याशिवाय जात नसे.

त्याचा तांडा आर्णीपासून जवळच आहे. तांड्याचा नायक पूनमसिंग त्याचा बालपणाचा सोबती. दोघांनी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नाला ओलांडलेला. संध्याकाळी नायकाच्या ओट्यावर म्हातारी माणसं जमतात आणि चिलीम फिरते. चिलमीला तोंड लावत नाहीत. खाली ओलं फडकं गुंडाळायचं, ती मुठीत धरायची, मुठीतून धूर ओढायचा आणि उजव्या हाताने पुढच्याला द्यायची. ज्याच्या हातून चिलीम घेतली तो आपला. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

खेमसिंगला एकच मुलगी, उज्ज्वला. ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि तिथे दारव्ह्याच्या ऋतिकशी तिने लग्न केलं. ऋतिक कुणब्याचा मुलगा, हॉटेलचं शिक्षण घेतलेला. रजिस्टर लग्नाला खेमसिंग आणि त्याची बायको भुरीबाई दोघंही गेली, सही करून आली. पुढे जोडपं दुबईला गेलं.

तांड्यात त्यावरून भांडण झालं नाही. कुणी बोलणं टाकलं नाही, लग्नाच्या पत्रिका येत राहिल्या. फक्त ओट्यावरची चिलीम खेमसिंगच्या अलीकडच्या माणसाकडून थेट पलीकडच्याकडे जाऊ लागली.

"हात पुढं करून बसलो होतो, बाबूजी," त्याने मला एकदा सांगितलं. "मंग तो हात कुठं ठेवावा तेच समजेना. गुडघा खाजवला."

तरी काही महिने तो जाऊन बसत राहिला. मग जाणं सोडलं.

हे असंच चाललं असतं, पण दिवाळीच्या सुमारास उज्ज्वलाला मुलगा झाला. बंजारा समाजात त्या वर्षी जन्मलेल्या मुलाची होळीला धुंड करतात. तांड्यातले पुरुष लेंगी म्हणजे होळीची गाणी गात दारात येतात, बाळावर काठ्या धरतात, आशीर्वाद देतात. मुलगा त्या दिवशी तांड्याचा होतो. खेमसिंगला नातवाची धुंड आपल्या दारात व्हायला हवी होती. गाणारे कुणाच्या दारात जातील, हे नायकाच्या शब्दावर ठरतं. उज्ज्वला फोनवर म्हणाली, "बापू, तुम्ही सांगा, मी तिकीट काढते." खेमसिंग थांब म्हणाला.

त्याच सुमारास यवतमाळच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ऋतिकने लाकडाची एक लहान पेटी पाठवली. आत तीन सिगारी होत्या. ऋतिक दुबईच्या मोठ्या हॉटेलात नोकरीला आहे, तिथे नुसत्या सिगारी ओढायची वेगळी खोली आहे, आणि पाहुण्यांना सिगार निवडून, कापून, पेटवून देणं हे त्याचं काम.

"जावई बिडी ओढत नाही, पान खात नाही," भुरीबाई म्हणाली. "अन् धंदा काय करते, तं लोकाईले धूर पाजते."

पहिली सिगार आम्ही दोघांनी पुलियावर ओढली. फाल्गुनातला रविवार होता, जिनिंग बंद, समोर रुईचे तंतू उडत होते. खेमसिंगने ती रुमालातून काढली. आखूड आणि जाड, अंगठ्याला अंगठा लावावा एवढी, आणि काळपट. तेल पाजलेल्या जुन्या चामड्यासारखी. वरच्या पानाला मंद तुकतुकी होती आणि शिरा जवळजवळ दिसतच नव्हत्या. ऋतिकने दोन्हीची नावं सांगितली होती, आकाराला रोबस्टो आणि काळ्या पानाला मदुरो. खेमसिंगने दोन्ही शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिले आणि सोडून दिले.

"काळी म्हणू," तो म्हणाला.

न पेटवता नाकाशी धरली तर गोठ्यात साठवलेल्या कडब्याचा वास आला, त्यामागे गुळाचा. तोंडात धरायच्या बंद टोकाची टोपी कापायला ऋतिकचं यंत्र नव्हतं. खेमसिंगने अडकित्त्याने वरची कड तेवढी उडवली. मग मोबाईलवर जावयाचा निरोप पुन्हा लावला. ऋतिक त्यात सावकाश सांगत होता: आधी तोंडात धरायची नाही, ज्योत लांब ठेवून टोक नुसतं शेकायचं, सगळीकडून सारखं लाल झालं की मगच ओढायची, आणि धूर छातीत न्यायचा नाही. शेवटचं वाक्य खेमसिंगने ऐकलं, मान हलवली आणि चिलमीसारखा भरून दम मारला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो खोकला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

"नाही न्यायचा म्हणते ना पोरगा," मी म्हटलं.

"तोंडात ठेवून थुकून द्यायचा? मंग ओढायची कायले?"

पण दुसऱ्या वेळी त्याने धूर तोंडातच धरला. गाल फुगवून, डोळे मिटून बसला. धूर सावकाश सोडला. मग माझ्याकडे दिली.

पहिली चव जिभेच्या टोकाला, काळ्या मिऱ्याची. ती ओसरली की टाळूला कॉफीचे दाणे भाजल्यासारखा खरपूस कडवटपणा लागला. आणि धूर निघून गेल्यावर जे मागे उरलं ते मला नेमकं आठवलं: गुऱ्हाळात कढई उतरवली की काठाला चिकटून राहतो तो काळा, जरासा करपलेला गूळ. धूर दाट होता, जाड होता, जिभेवर त्याचं वजन जाणवत होतं. थोडा नाकातून सोडला तर नव्या वादीचा, चामड्याचा वास आला. सिगारेट मी तीसेक वर्षं ओढतो आहे. ती संपते तेव्हा काय ओढलं ते सांगता येत नाही. ही जळत होती सावकाश, आणि जळता जळता बदलत होती. अर्ध्यावर मिरी गेली, गोडवा वर आला. राख पडत नव्हती. पांढरट-करडी, बोटाच्या पेराएवढी राख तशीच टोकाला उभी होती आणि खेमसिंग तिच्याकडे कौतुकाने पाहत होता.

"झटकू नका," तो म्हणाला. "पोरानं सांगितलं, राख राहिली तं थंडी राह्यते."

घाई करून ओढली की ती तापायची आणि चव बिघडायची. दोन दमांत ऋतिकने सांगितलेलं अंतर ठेवलं की पुन्हा गोड. खेमसिंगला हे फार पटलं. त्याने आयुष्यभर सुट्टी संपायच्या आत बिडी संपवलेली होती.

शेवटचा तिसरा भाग कडू झाला. ऋतिकचा निरोप होता की कडू लागली की ठेवून द्यायची, चुरगळायची नाही, आपोआप विझते. खेमसिंगने बाभळीच्या काट्यावर थोटूक टोचलं आणि ओठ भाजेपर्यंत ओढलं.

"टाकायची थोडीच," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बाबूजी, यातली दुसरी पूनमसिंगच्या ओट्यावर नेतो. जावयाची आहे म्हणून सांगतो. माह्या हातून घेतली, म्हणजे जावयाच्या हातून घेतली. मंग धुंडीले नाही कसा म्हणन?"

त्याने हे इतकं सरळ मांडलं की मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. त्याने मला सोबत यायला सांगितलं. बाहेरच्या माणसासमोर पूनमसिंग वाकडं बोलणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

ओट्यावर चार-पाच माणसं होती. पूनमसिंगने आम्हाला "आव, बेस" म्हटलं, माझ्यासाठी सतरंजी सरकवली, चहा सांगितला. तो वाईट माणूस नाही. चहा झाल्यावर खेमसिंगने पेटी उघडली. सगळे वाकले.

"हे काय, कोळसा आणला का?" सेवादास म्हणाला. सेवादास म्हणजे ओट्यावरचा थट्टेखोर. त्याच्या जिभेला कुणी सुटत नाही.

"जावयानं पाठवली. दुबईहून," खेमसिंग म्हणाला. "एक सिगार तिकडं एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीले भारी आहे."

"मंग मजूर काय ओढते?" सेवादासने विचारलं. सगळे हसले, खेमसिंगही हसला.

त्याने अडकित्ता काढला, टोपी उडवली, टोक निगुतीने शेकलं. ओट्यावर तो वास पसरला तसे लोक पुढे सरकले. मग त्याने रीतीप्रमाणे पहिला दम स्वतः घेतला आणि उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून, सिगार पूनमसिंगपुढे धरली.

पूनमसिंगने सिगारीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथलं पान खेमसिंगच्या ओठांनी ओलं झालं होतं.

"उष्टी झाली ना, खेमा," तो म्हणाला.

खेमसिंगचा हात तसाच राहिला. चिलीम कधी उष्टी होत नाही, कारण तिला ओठ लागतच नाहीत. जन्मभर चिलीम ओढलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पुलियावर आम्ही दोघांनी एकच सिगार ओढली, तेव्हा माझ्याही नाही.

"मुठीत धरून ओढ," खेमसिंग म्हणाला. "हे पाय, अशी."

"कायले तकलीफ. दे इकडं."

पूनमसिंगने सिगार घेतली. क्षणभर खेमसिंगचा चेहरा उजळला, हे मी पाहिलं. पूनमसिंगने टोक पायरीवर दाबून विझवलं, पितळेची ताटली ओढली आणि सिगार दोन्ही हातांनी मधोमध मोडली. वरचं काळं पान सोललं, आतली पानं चुरली, देठ बाजूला काढले. तो चुरा त्याने आपल्या चिलमीत भरला, फडकं ओलं करून गुंडाळलं आणि वर निखारा ठेवला.

"तंबाखू जोरदार आहे," पहिला दम घेऊन तो म्हणाला. "वासच सांगते."

चिलीम त्याच्या हातून निघाली. एकेकाने दम मारला, एकेक खोकला, खोकताना हसला. सेवादास म्हणाला, "दुबईचा माल छातीत ठसका मारते बाप्पा." सेवादासच्या पुढे खेमसिंग बसला होता. सेवादासने हात लांब करून चिलीम त्याच्यावरून मला दिली. मी हात जोडले. ती पूनमसिंगकडे परत गेली.

मग खेमसिंगने विचारलं. आवाज त्याने खाली ठेवला होता. "धुंडीचं काय करतं, पूनम? पोरीले तिकीट काढा लागते."

"पाहू ना."

"होळी आठ दिसावर आली."

पूनमसिंगने चिलमीतली राख ताटलीत ठोकली. "आम्ही तुले वाळीत टाकलं का? नाही ना. कायदा आहे आता, असं कोणी करत नाही. तू येतं, बसतं, च्या पेतं. पण माह्या दोन नाती उजवायच्या आहेत, खेमा. उद्या पाहुणे विचारतीन, नायकानं कोणाच्या दारात लेंगी गायली. मी काय सांगू?"

खेमसिंगने ताटलीतून सिगारीवरची सोनेरी कागदाची पट्टी उचलून खिशात घातली. आम्ही उठलो. मोटारसायकलवर मागे बसून येताना तो एकदाच बोलला. "तंबाखू त्याईले आवडली."

होळीच्या आधी मी त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा दुबईचा फोन आला. त्याने उज्ज्वलाला सांगितलं की इकडे ऊन फार आहे, बाळ लहान आहे, यंदा येऊ नको. मग ऋतिक फोनवर आला. त्याने विचारलं, नायकांना आवडली का.

"आवडली ना," खेमसिंग म्हणाला. "सगळ्याईनं ओढली."

भुरीबाई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. बाळासाठी शिवलेलं आरशांचं टोपडं तिने भिंतीवरच्या खुंटीवर अडकवलेलं होतं. फोन ठेवल्यावर ती उठली आणि ते पेटीत ठेवून आली. धुंडीच्या दिवशी गाणारे तांड्याच्या दुसऱ्या टोकाला एका दारात गेले. खेमसिंगच्या घरातून ते ऐकू येतं.

चैत्रात आम्ही आर्णीच्या बाजारात उभे असताना पूनमसिंगने गाडी आमच्याजवळ थांबवली. रामराम झाला. त्याने नातीची सोयरीक जमल्याचं सांगितलं, मग आवाज मऊ केला.

"खेमा, जावयाची ती काळी अजून असन एखादी, तं पाठव ना. पाहुण्याईसाठी."

जावई हा शब्द ऋतिकसाठी त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. खेमसिंगनेही ऐकला असावा. तो थोडा वेळ गाडीच्या आरशाकडे पाहत राहिला.

"एक आहे," तो म्हणाला. "माह्या घरी ये. मी शेकतो, तू पहिले ओढ. उष्टी नाही होणार."

पूनमसिंग हसला, माझ्याकडे पाहून हसला, आणि गाडीला किक मारली.

ती तिसरी सिगार फाटकावरच्या त्या पत्र्याच्या डब्यात आहे. रिटायर होताना डबा त्याने मागून घेतला होता. वैशाखात त्याने मला तो उघडून दाखवला. आपल्याकडच्या उन्हात ती वाळली होती आणि वरचं काळं पान तुरीच्या पिकल्या शेंगेसारखं उभं तडकलं होतं. मी म्हटलं, आता तरी ओढून टाकू, पुलियावर जाऊ. तो नको म्हणाला. अजून कोणी येईल असं त्याला वाटतं का, ते मी विचारलं नाही. त्याने झाकण लावलं आणि डबा उंच फळीवर ठेवला.