आखाडाला आलेली लेन्स

"ये गं बाई, दमलीस काय?" असं आक्का दारातच विचारायची. मला नव्हे, माझ्या पिशवीतल्या लेन्सला. मी येळ्ळूरवरून पावसात भिजत, पिशवी पोटाशी बांधून मोटारसायकल हाणत आलेला असायचो, पण माझ्याकडं बघायला तिला सवड नसायची. आधी पिशवी काढून घ्यायची, लेन्स बाहेरून पदरानं टिपायची, खिडकीशी नेऊन एक डोळा मिटून आत बघायची. सगळं ठीक दिसलं की मग माझ्याकडं वळायची. "तू का उभा? बस की."

आक्का फोटोग्राफर नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती वडगावातली विणकर. नवरा गेल्यावर एक यंत्रमाग विकला, दुसरा स्वतः चालवायची. समोरच्या खोलीत माग, मधल्या खोलीत चूल आणि देव, आणि मागच्या खोलीत सुताचं लाकडी कपाट. त्या कपाटात पावसाळाभर एक पिवळा बल्ब जळत असायचा. आमच्या बेळगावच्या हवेत भिंतीतसुद्धा पाणी मुरतं, मग सुताला बुरशी धरायला कितीसा वेळ लागतो? बल्बच्या उबेनं सूत कोरडं राहायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात लेन्सचा काय संबंध. सांगतो. लेन्सलाही बुरशी धरते. आतल्या काचेवर पांढरे केसासारखे धागे उगवतात आणि फोटो धुरकट येऊ लागतात. हल्ली हवाबंद डबे मिळतात, ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात. त्या वेळी आम्ही आपली लेन्स तांदळाच्या डब्यात पुरायचो आणि तांदळाची पिठी तिच्या कड्यांत जाऊन बसली की कपाळ बडवून घ्यायचो. मी एकदा आक्काच्या साड्यांचे फोटो काढायला गेलो होतो, दुकानदारांना फोनवर पाठवायला. काम करता करता लेन्सच्या नावानं बोटं मोडत होतो. तिनं लेन्स मागून घेतली, उजेडाला धरली आणि म्हणाली, "सुताला धरती तीच की ही. ठेव माझ्या कपाटात."

तिथून ही रीत पडली. आखाड लागला की लग्नाचे मुहूर्त संपतात, आणि आम्हा लग्नाच्या फोटोग्राफरांना तुळशीच्या लग्नापर्यंत माश्या मारायचं काम. त्याच आखाडात नव्या सुना माहेरी येतात. तेव्हा आक्काच्या लेखी आमच्या लेन्सही माहेरी आलेल्या. माझं बघून खानापूरचा एकजण आला, मग शहापूरचे दोघं आले. कणकुंबीचा एक फोटोग्राफर तर ज्येष्ठातच हजर व्हायचा. त्याच्याकडं पाऊस सुरू झाला की थांबायचं नावच घेत नाही. तो लेन्स घोंगड्यात गुंडाळून आणायचा. आक्का त्याला म्हणायची, "लई हाल केलास बाबा पोरीचं."

आमच्या धंद्यात दोन जातीचे कॅमेरे जास्त चालतात, आणि एकाची लेन्स दुसऱ्यावर बसत नाही. दोघींची तोंडंच वेगळी. आक्काला हे कळायला एक पावसाळा गेला. तिनं मागची झाकणं अदलाबदल केली होती आणि ती बसेनात म्हणून हातोडी शोधत होती. बरं झालं, मी वेळेवर पोचलो. मग तिनं दोन कप्पे केले, वरचा थोरल्या घरचा आणि खालचा धाकट्या घरचा. लांबचं टिपणारी मोठी लेन्स ती 'उंच बाई' आणि माझी ती लहानशी, जवळच्या चेहऱ्यांची, तिला आम्ही फिफ्टी म्हणतो, ती 'ठेंगणी'. ठेंगणीवर तिचा फार जीव. तिला वरच्या कप्प्यात बल्बजवळची जागा असायची.

तुळशीचं लग्न झालं की पाठवणी. आक्का कुणाला रिकाम्या हातानं पाठवायची नाही. मागावर उरलेला खणाचा तुकडा लेन्सभोवती गुंडाळून द्यायची. बेळगाव-खानापूर भागात हिरव्या-जांभळ्या खणानं काच पुसणारा फोटोग्राफर दिसला की ओळखायचं, ह्याचं माहेर वडगावात.

हे सगळं मी तुम्हाला हसत सांगतोय, आणि त्या वेळी आम्ही हसायचोही. पण त्यामागं काय होतं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आक्काला एक लेक. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या पोराशी, आणि निपाणीला गेली. बापानं उंबरा चढायचा नाही म्हणून सांगितलं. आक्का तेव्हा मागाला टेकून उभी होती, काहीच बोलली नाही. पुढं बाप गेला तेव्हा लेक आली, गल्लीत विजेच्या खांबाजवळ उभी राहिली, तिरडी गेली तशी ती पण निघून गेली. तेव्हाही आक्कानं हाक मारली नाही.

एकदाच ती माझ्याजवळ यावर बोलली. मी लेन्स ठेवायला गेलो होतो, चहा झाला होता. आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखंच 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशी आक्का बोलायची.

"नवरा व्हता तवा त्याच्या भीतीनं गप्प बसलो," ती म्हणाली. "तो गेल्यावर कुणाची भीती व्हती रं मला? आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

दर आखाडात शेजारणींच्या लेकी येत, हातभर बांगड्या भरत, आणि आक्का मागच्या खोलीत जाऊन आमच्या लेन्स एकेक काढून पुसत बसे. मला तिची दया यायची, आणि रागही यायचा. फोन उचलायला एवढं काय लागतं, असं वाटायचं. पण मी काही तिच्या जागी नव्हतो.

मग ते तेलाचं प्रकरण झालं.

त्या साली तुळशीच्या लग्नानंतरचं माझं पहिलं लग्न सांबऱ्याच्या बाजूला होतं. भर दुपारी अंगणात नवरीकडच्या मंडळींचे ग्रूप फोटो घेतले, ठेंगणीनंच. उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर धड काही दिसेना. सावलीत येऊन बघतो तर सगळे फोटो पांढरेफटक. नवरीचा मामा कुठला आणि मांडवाचा खांब कुठला, कळायला मार्ग नाही. जेवायला बसलेल्या लोकांना पानावरून उठवून, दुसरी लेन्स लावून पुन्हा फोटो काढले. लोकांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्यानं ठेंगणी उघडली आणि वास घेतला. लेन्सच्या पोटात पातळ पात्यांचं एक कडं असतं. उजेड किती आत सोडायचा ते कडं लहान-मोठं होऊन ठरवतं. त्या पात्यांवर तेल उतरलं होतं आणि पाती जागच्या जागी चिकटली होती. कडं सताड उघडं ते उघडंच. त्यानं पुसून दिलं, पण महिन्याभरात पुन्हा तेल उतरलं. शेवटी तो म्हणाला, आता हिला अशीच उघड्या डोळ्यानं वापर, छेडू नकोस.

मी तणतणत वडगावात गेलो. काही बोलायच्या आत आक्काच हसून म्हणाली, "कशी फिरती आता ठेंगणी? घट्ट झाल्ती बिचारी. मागाचं तेल सोडलं मी जरासं. चांगलं तेल हाय ते."

झालं. मागाचा कुठलाही भाग कुरकुरला की तेल सोडायचं, हे तिच्या हाताला जन्मभराचं वळण. वर बल्बची ऊब. तेल पातळ होऊन आत उतरायला आणखी काय पाहिजे? माझं तोंड सुटलं. लेन्सला कुणी तेल घालतं व्हय, मांडवात माझी अब्रू गेली, असं बरंच बोललो. आक्का ऐकत राहिली. तिचं हसू गेलं, मग तिनं हातातली सुताची कांडी खाली ठेवली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीतून निरोप आला की आक्कानं कपाट बंद केलंय, यंदापासून कुणी लेन्स आणायच्या नाहीत.

पुढच्या ज्येष्ठात कणकुंबीवाल्याचा फोन. त्याच्या लेन्स घोंगड्यात पडून होत्या आणि आक्का दार लावून घेत होती. म्हणाला, तू घाण केलीस, तूच निस्तर. खरं तर घाण तेलानं केली होती, पण म्हटलं, चला. आखाड लागला तसा मी माझ्या सगळ्या लेन्स पिशवीत घातल्या, ठेंगणीसकट, आणि गेलो.

दार उघडं होतं. आक्कानं पिशवीत डोकावून बघितलं आणि ठेंगणी बाहेर काढली. या वेळी तिला दमलीस का म्हणून विचारलं नाही.

"हिचं वाटोळं केलं मी," ती म्हणाली. "परत माझ्याच दारात आणलास हिला?"

"मग कुठं न्हेऊ?" मी म्हणालो. "आईनं एकदा चूक केली म्हणून लेकीचं माहेर तुटतंय व्हय आक्का?"

शप्पथ सांगतो, मी लेन्सबद्दलच बोलत होतो. तिला बरं वाटावं, कपाट उघडावं, एवढंच माझ्या मनात. पण शब्द तोंडातून गेले आणि मीच चरकलो. आक्का लेन्स घेऊन मागच्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं, बल्ब लागला. मी चहाची वाट न बघता तिथून सटकलो.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. निपाणीला जायचं होतं, एकटीनं जायचं तिला होत नव्हतं. येताना कॅमेरा घे म्हणाली, ठेंगणीला ती स्वतः घेऊन येणार होती.

बसमध्ये आक्का खिडकीशी बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत साडी, खण, नारळ आणि खणात गुंडाळलेली ठेंगणी. संकेश्वर गेल्यावर मला म्हणाली, पुढच्या स्टॉपला उतरून परत जाऊया. मी झोपल्याचं सोंग केलं.

लेकीचं घर एका बोळात होतं. दारातच शिलाई मशीन, लेक ब्लाऊज शिवत बसलेली. तिनं वर बघितलं आणि तिचा पाय मशीनवरच थांबला. आक्का उंबऱ्याबाहेर उभी, छत्रीतून पाणी गळतंय. आखाडात लेकीनं आईकडं राहायला यायचं, ही आमची रीत. आक्कानं ती उलटी केली.

"आखाड लागलाय," ती म्हणाली. "तुला बोलवायचं तोंड न्हाय मला. म्हणून मीच आलो. ठेवून घेतीस काय चार दिस?"

लेक उठली, कॉटवरचे कापडाचे तुकडे गोळा करून बाजूला केले आणि आईच्या हातातली छत्री घेतली. मी बोळातल्या पन्हळीकडं बघत उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि फोटोग्राफरनं रडलेलं बरं दिसत नाही.

चहा झाला, साडी देऊन झाली, तरी दोघी कॉटच्या दोन टोकांना. बोलणं पावसाचं, बसचं, बाजारातल्या भाज्यांचं. आक्का म्हणाली, काढ की फोटो. मी ठेंगणी लावून कॉटच्या एका टोकाशी उभा राहिलो. कडं सताड उघडं असलं की एकच पातळ रेघ स्पष्ट येते, तिच्या पुढचं-मागचं सगळं पुसट. पहिल्या फोटोत आक्का स्पष्ट आणि लेक पुसट. दुसऱ्यात लेक स्पष्ट, आक्का पुसट.

"जवळ यायला लागंल," मी म्हणालो. "ही आता लांबलांबची दोन माणसं एका वेळी बघत न्हाय. तुझ्याच तेलाची करणी, आक्का."

दोघी थोड्या सरकल्या. मी मान हलवली. आणखी सरकल्या. मी पुन्हा मान हलवली. शेवटी लेकीनं वैतागून आईच्या गळ्यात हात टाकला आणि आपला गाल तिच्या गालाला लावला. आक्कानं डोळे मिटले. मी डोळे उघडायची वाट बघितली आणि मग बटण दाबलं.

आक्का चार दिवसांसाठी गेली होती, पण नागपंचमी निपाणीतच करून आली. पुढच्या आखाडात लेक वडगावला आली, जावयासकट. आमच्या लेन्सकडं त्या साली आक्काचं जरा दुर्लक्षच झालं, आणि आम्ही कुणी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी थंडीत आक्का गेली, झोपेतच. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. साड्यांचे शेकडो फोटो माझ्याकडं, पण आक्काचा धड चेहरा त्या एकाच फोटोत. तिचे दीर म्हणाले, पोरीला कापून काढ आणि आक्काचा तेवढा मोठा कर. मी संगणकावर बसलो. कुठून कापणार? लेक काढावी तर आक्काचा गाल जातो. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली आहे तसाच मोठा करून आण.

तसाच केला. त्या घरात बापाच्या फोटोला चंदनाचा हार आहे. शेजारच्या फोटोला नाही, कारण त्यात एक जितं माणूस आहे, आणि जित्या माणसाच्या फोटोला आमच्यात हार घालत नाहीत. माग आता लेक चालवते. सूत घेऊन कुणी नवखा माणूस आला की भिंतीकडं बघतो आणि हमखास विचारतो, आई घरात न्हाईत काय, बाहेर गेल्यात?