खोटा शनिवार

गोऱ्यांकडे जेवायला जायचं तर आधी थोडं खाऊन घ्यायचं, हा नियम आम्हा लंडनजवळच्या स्लाऊच्या मराठी मंडळींत इतका पक्का आहे की तो कुणाला शिकवावा लागत नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने जेवायला बोलावलं होतं. चिकनचा एक तुकडा आणि चार उकडलेली गाजरं पाहून मी आणि माझी बायको एकमेकांकडे बघतच राहिलो. घरी परतल्यावर तिने पिठलं टाकलं आणि आम्ही पोटभर जेवलो, पोटभर हसलो. बायको जाऊन आता काही वर्षं झाली, पण नियम मी पाळत होतो. तोच गेल्या डिसेंबरात माझ्या अंगाशी आला.

माझी मुलगी बर्मिंगहॅमला एका हॉस्पिटलमध्ये काम करते. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा मला आवडला होता, पण त्याच्या आईला मी अजून भेटलो नव्हतो. बाई मूळच्या जर्मन. लग्नानंतर इकडे आल्या आणि आता नॉटिंगहॅमला एकट्या राहतात. त्यांनी आम्हाला शनिवारी जेवायला बोलावलं. मुलीने फोनवर एवढंच मागितलं, "बाबा, मला दुसरं काही नको. फक्त त्या जे करतील ते नीट खा, ओके? शी इज सो नर्व्हस अबाऊट यू. मी त्यांना सांगितलंय, माझे बाबा सगळं खातात."

मी म्हटलं, "अगं, मी काय लहान आहे का?"

शनिवारी सकाळच्या ट्रेनने मी बर्मिंगहॅमला पोहोचलो. तिथून पुढे मुलीच्या गाडीने जायचं होतं; होणारा जावई आदल्या दिवशीच आईकडे गेला होता. निघायला अजून वेळ होता, म्हणून ती मला गावातल्या जर्मन बाजारात घेऊन गेली. नाताळच्या आधी तिथे लाकडी टपऱ्या लागतात. टपऱ्यांसमोर धूर, रेटारेटी आणि वास. त्या वासाने मी हरलोच. एवढ्याशा पावातून दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला सॉसेज घेतला, त्यावर मोहरीची पिवळी चटणी थापली. मग किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी, सोबत सफरचंदाचा गोड गर. मग दुसरा सॉसेज. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे ना, तिकडे जेवायचंय." मी तिला आमचा स्लाऊचा नियम ऐकवला. ती हसली आणि तोंड भरलेलं असताना माझा फोटो काढला.

नॉटिंगहॅमला बाईंनी दार उघडलं आणि समोर मांडलेलं टेबल दिसलं. माझ्या पोटात तर आता कशालाच जागा नव्हती. मधोमध झाकलेलं मोठं भांडं होतं. मांसाच्या पातळ कापांत मोहरी, कांदा आणि काकडीचं लोणचं भरून गुंडाळायचं, दोऱ्याने बांधायचं आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं, असा त्यांच्या आईकडचा पदार्थ. तो बीफचा करतात, पण मी हिंदू म्हणून त्यांनी मुद्दाम टर्कीचा केला होता. तसा आधी कधी केला नव्हता, म्हणून आदल्या आठवड्यात एकदा करूनही पाहिला होता. शेजारी सफरचंद घालून शिजवलेला लाल कोबी आणि मुठीएवढे बटाट्याचे गोळे. बाई माझ्याकडे बघत होत्या. ॲप्रन काढायलाही विसरल्या होत्या.

त्या वेळी मी सरळ सांगायला हवं होतं की वाटेत हावरटासारखं खाल्लंय, थोडंच वाढा. बाई हसल्या असत्या, गोष्ट संपली असती. पण मला वाटलं, हा अपमान होईल. अपमान कुणाचा, तर माझाच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज शनिवार. माझा उपवास असतो."

मुलीने मान वर केली.

बाईंना राग आल्याचं दिसलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसून विचारलं, "कशासाठी करता? विचारलं तर चालेल ना?"

अजूनही वेळ गेली नव्हती. पण मला उत्तर तयार सापडलं, कारण ते मी वर्षानुवर्षं घरात ऐकलं होतं. मी म्हणालो, मुलगी लहानपणी फार आजारी पडली होती, वाचेल की नाही असं झालं होतं, तेव्हा मारुतीला बोललो होतो, तेव्हापासून शनिवार धरतो. बाईंनी छातीवर हात ठेवला. मग माझ्या मुलीकडे बघितलं, बराच वेळ. मुलगी ताटाकडे बघत होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने तिचा हात धरला. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, आजारपण आठवलं.

तो उपवास माझ्या बायकोचा होता. नवसही तिचाच. मी शनिवारी ऑफिसच्या पार्ट्यांना जाऊन तंगड्या तोडत होतो आणि ही घरी साबुदाणा भिजवत होती. आजारी असतानाही तिने सोडला नाही. शेवटच्या शनिवारी तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, तेव्हा म्हणाली होती, "आज तर आयताच घडला."

"काय चालतं?" बाईंनी विचारलं.

"बटाटा," मी म्हणालो.

"अंडं?"

"नाही."

"कांदा? पीठ?"

"नाही."

म्हणजे अंडं-पीठ घातलेले ते गोळेही बाद. त्यांनी ते मोठं भांडं उचललं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. "उपाशी पाहुण्यासमोर आम्ही हे कसं खायचं?" असं म्हणून त्या बटाटे किसायला उभ्या राहिल्या. किसणीचा आवाज येत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाजारात खाल्ली होती तीच धिरडी, अंड्याकांद्याशिवाय, जरा मोडलेली, माझ्यासमोर आली, तशीच सगळ्यांसमोरही. गच्च भरलेल्या पोटावर मी तीन खाल्ली. चौथी त्यांनी वाढली तीही खाल्ली. निघताना त्यांनी टर्कीचा डबा हातात दिला, "उद्या रविवार. उद्या चालेल ना?"

गाडीत डबा माझ्या मांडीवर होता. गाडी मोटरवेला लागली. मुलगी समोर बघतच म्हणाली, "बाबा, तुम्हाला भूक नव्हती तर नो वन वुड माइंड. पण तो आईचा होता. इट वॉज हर्स. माझ्यासाठी ती उपाशी राहिली, तुम्ही नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मी तिथे काही बोलली नाही, कारण मला तुमची लाज वाटली. आणि मग तुमची लाज वाटली, याची पण लाज वाटली." तिने डोळे पुसले आणि वायपर लावला. पाऊस नव्हता.

त्या शनिवारी मी मुलीकडेच राहिलो. डबा उघडला नाही. सकाळी, ती उठायच्या आधी, मी बाईंना फोन केला. इंग्रजीत माफी मागायची मला ऑफिसमुळे सवय आहे, पण ती वाक्यं इथे उपयोगाची नव्हती. मी तुटक तुटक सगळं सांगितलं: बाजार, सॉसेज, उपवास कुणाचा होता, सगळं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचा फोटो तुमच्या मुलीने मला काल दुपारीच पाठवला होता. हनुवटीला मोहरी लागली होती."

मी डोळे मिटून घेतले. कसंबसं विचारलं, "मग बटाटे का किसलेत? मला तिथेच का नाही विचारलंत?"

"विचारणारच होते. राग आला होता मला. पण तुम्ही ती आजारपणाची गोष्ट सांगितलीत आणि मी तुमच्या मुलीचा चेहरा पाहिला. तेव्हा कळलं की उपवास तुमचा नसला तरी कुणीतरी तो खरंच केला होता. बटाटे मी त्यांच्यासाठी किसले."

माझ्या बायकोला उपवासाच्या पदार्थांत बटाट्याचा किसच सगळ्यात आवडायचा. तेवढं तरी त्या बाईंना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ते सांगायचा हक्क मला राहिलाय असं वाटेना.