उल्कानची पुढची सीट

घोड्यावर उल्कानला कधी मळमळलं नाही. मोटारीत मात्र दोलोनचा घाट लागायच्या आधीच पोट ढवळायला लागायचं. आत-बाशी गावाहून राजधानी बिश्केकला, लेकीकडे, सहा तास, आणि त्यातले पाच ती पिशवीत तोंड घालून काढायची.

उपाय काय कमी केले? दह्याच्या खारट, वाळक्या गोळ्या चघळल्या, लिंबाची साल हुंगली, कोणी म्हणालं म्हणून बेंबीवर चिकटपट्टीसुद्धा लावली. औषधाच्या दुकानातल्या गोळीने ओकारी थांबली खरी, पण गुंगीमुळे लेकीच्या दारात तिला दोघांनी धरून उतरवावं लागलं. दोन्ही नातवंडांच्या चाळिसाव्या दिवशी, बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालताना, ती आतल्या खोलीत निपचित पडून होती. चमचे दुसऱ्या आजीने ओतले. आता तिसरं बाळ झालं होतं आणि लेक बेगिमाय फोनवर म्हणाली होती, "आई, हे शेवटचं. या वेळी तूच."

दवाखान्यातल्या नर्सने सांगितलेला एकच उपाय राहिला होता: पुढे बसा आणि रस्त्याकडे बघा. सांगणारीचं काय जातं? पुढची सीट वडीलधाऱ्यांची. शिवाय सून पुढे बसली की सासरच्या थोरल्यांकडे पाठ होते, आणि सुनेने ती करायची नसते. म्हणून तीस वर्षं उल्कान मागे, मधोमध. पुढे आधी सासू, आणि ती गेल्यावर थोरला दीर जुमाकादिर.

बाळाच्या चाळिसाव्या दिवशी सकाळी निघताना नवरा मेंढ्यांपाशीच राहिला. ड्रायव्हर तैरबेकने नेहमीसारखं जुमाकादिरसाठी पुढचं दार उघडलं. उल्कान आली आणि आत बसली.

"सूनबाई, दार चुकलं," जुमाकादिर म्हणाला.

"चुकलं नाही, भाऊजी. मला आज उभं राहून पाणी ओतायचंय."

"मळमळ मनाची असते. सतरांदा सांगितलंय तुला."

"सांगितलंत खरं." ती उतरली नाही.

म्हातारा पुटपुटत मागे बसला. तैरबेकने आरशात बघायचं टाळलं. शरमेने उल्कानची मान तापली होती, पण डोळे तिने रस्त्यावरून हलवले नाहीत. घाट चढला, उतरायला लागला. आता ढवळेल, मग ढवळेल, म्हणून ती वाट बघत होती. काहीच झालं नाही.

मागची बडबड मात्र केव्हाच थांबली होती.

"थांबव रे गाडी," जुमाकादिर कसाबसा म्हणाला.

रस्त्याकडेला तो गुडघ्यांवर बसला, टोपी हातात घेऊन. उल्कानने जाऊन त्याचं कपाळ धरलं. सुनेने थोरल्या दिराला हात लावायचा नसतो, तेही मोडलं.

"दर वेळी असंच होतं तुला?" तोंड पुसत त्याने विचारलं.

"दर वेळी."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. तुम्ही पुढे होतात."

गाडीपाशी येऊन सवयीने त्याचा हात पुढच्या दाराकडे गेला. मग त्याने मागचं दार उघडलं.

"बस तू पुढे. पाणी ओतायचंय ना?"

उल्कान बसली. आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसता थकवा आला. एवढासा उपाय, दोन हातांवर, आणि तीस वर्षं ती ओकत राहिली. काच खाली करून ती थोडा वेळ रडली. नजर मात्र तिने रस्त्यावरून काढली नाही.