अर्धा पुठ्ठा

दादाने फोनवर सांगितलं, "नानाकाका गेले." मी फोन ठेवला, बाल्कनीत गेले आणि वाळत घातलेले कपडे सगळे उलटे आहेत ना, ते आधी पाहिलं. ही शिस्त काकांचीच. रडू त्यानंतर आलं...

माझे हे अविवाहित काका डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. कापडाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकायची, उन्हात ठेवायची, आणि काही आठवड्यांनी दोन्ही अर्ध्यांमधला फरक बघून रंगाला आठपैकी गुण द्यायचे, हे त्यांचं काम. वर्तकनगरला आमच्या घरी, त्यांच्या खोलीच्या खिडकीतही हाच उद्योग. पाहुण्यांच्या नव्या शर्टाकडे ते अशा नजरेने बघत, की पाहुणे बाही मागे घेत. "ऊन रंग पुसत नाही गं," ते मला सांगत, "रंगाचा रेणूच मोडतं. मळ धुता येतो, मोडलेला रेणू परत जुळत नाही."

माझ्या लग्नाचा शालू जांभळा. काकांना त्या रंगाचा भरवसा वाटेना. लग्नाच्या सकाळी नेसायला घेतला तर पदराच्या टोकाची चार बोटं रुंद पट्टी गायब, कात्रीने अगदी सरळ कापलेली.

"काका, माझा पदर कापलात?"

"नमुना कापडाच्या ठाणाच्या टोकातूनच घेतात," ते गोंधळून म्हणाले. "हे टोक बाहेर दिसतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

आईने पदर आत दुमडून टाके घातले. त्यावर कडी म्हणजे, पंगतीत काका माझ्या सासऱ्यांना सांगत होते, "शालूला पाच गुण तरी मिळतील, काळजी नको." मी दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. मग बोलायला लागले, पण शालूचा विषय दोघांनीही टाळला. 'चुकलं' एवढा एक शब्द मला त्यांच्याकडून हवा होता. तो राहूनच गेला, असं धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात दादा आणि मी त्यांची खोली आवरली. खिडकीत एकच पट्टी उरली होती. उघडा भाग विटून पार मातकट झालेला. पुठ्ठ्यावर काकांचं बारीक अक्षर: 'पुतणीचा शालू. शेरा: नमुना चुकीच्या टोकाचा घेतला. चूक माझी. चाचणी चालू.'

मी पुठ्ठा उचलला. खाली लग्नाच्या सकाळचा जांभळा, जसाच्या तसा.

"घरी नेतेस का?" दादाने विचारलं.

मी रेषेला रेष जुळवून पुठ्ठा परत बसवला. निघताना दादा खिडकीचा पडदा ओढायला लागला, तेव्हा मात्र त्याचा हात धरला. चाचणी बिघडली असती, आणि काका चिडले असते.