राजपालची बॅटरी गाडी

राजपाल गोड स्वभावाचा आहे असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की त्याचं राजपालशी कधी काम पडलेलं नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा गडी वर्षानुवर्षं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर ट्रॅक्टर घेऊन हिंडला, एकूणएक मुकादमाशी भांडला, आणि शेवटी कारंज्याच्या एका जैन धर्मशाळेत बॅटरीवर चालणारी गाडी हाकायला लागला. गोल्फच्या मैदानावर फिरवतात तसली, चारी बाजूंनी उघडी. म्हाताऱ्या माणसांना मंदिरात न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम.

रोज बसणारी कंचनबाई त्याच्यावर वरताण. धर्मशाळेतच राहणारी विधवा, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. "हळू हाक, पोतं नाही घेऊन चालला," अशी सुरुवात झाली की मंदिराच्या पायरीपर्यंत तोंड बंद होत नसे. राजपालच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

म्हणून व्यवस्थापक भागचंदने गाडीवर भजनांसाठी स्पीकर बसवायचं काढलं, तेव्हा राजपाल खूश झाला. आता म्हातारीचा आवाज दाबता येणार होता. वायरमन म्हणाला, गाडीच्या चारही बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या आहेत. चौघींकडून मिळून वीज घेऊन ती स्पीकरपुरती कमी करणारा कन्व्हर्टर लावा. राजपाल हसला.

"कन्व्हर्टर कायले पाह्यजे? एक बॅटरी बारा व्होल्टची, स्पीकरबी बारा व्होल्टचा. ट्रॅक्टरवर मी असाच लावत होतो."

ट्रॅक्टरला बॅटरी एकटीच असते, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. भागचंदच्याही नाही. खर्च वाचतोय म्हटल्यावर तो मान डोलावून मोकळा झाला.

राजपालने चौघींतल्या एकीलाच वायर जोडली आणि स्पीकर खणखणीत वाजला. कंचनबाईने तोंड उघडलं की राजपाल आवाज वाढवी. तिकडे ती एकच बॅटरी गाडीही ओढत होती आणि भजनंही गात होती. चार्जर चौघींना सारखंच पाजी. हिची तहान काही भागत नसे. चढावर गाडी धापा टाकू लागली. राजपालला ते कळत होतं. पण स्पीकर बंद केला तर म्हातारी बोलेल, म्हणून त्याने तो चालूच ठेवला.

दशलक्षण पर्वात कंचनबाईचं एकाशन होतं. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. एके दिवशी मंदिरातलं विधान, म्हणजे मोठी पूजा, लांबलं आणि तिचं जेवण संध्याकाळवर गेलं. गाडीत बसताच ती म्हणाली, "चाल लवकर, दिवस बुडून राह्यला." राजपालने भजन मोठं केलं. चढाच्या मध्यावर भजन घरघरलं, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच.

त्याने खाली उतरून गाडी लोटली. आईबहिणीवरून बॅटरीला शिव्या देत, घामाघूम होत लोटली. धर्मशाळेच्या फाटकात पोहोचले तेव्हा दिवस बुडाला होता आणि भोजनशाळेत कंचनबाईचं ताट झाकून ठेवलं होतं.

"कोनं जोडली रे ते वायर?" भागचंद गरजला. "उद्यापासून येऊ नको."

"तुमीच तं हो म्हटलं होतं!"

कंचनबाईचे ओठ कोरडे पडले होते. ताटाकडे न बघता ती म्हणाली, "काढू नका याले, भागचंदभाऊ. गाडी दुरुस्त करा. अन् रोज माह्या मागून आनू द्या त्याले. रिकामी. मी पायी जाईन."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या पोटी, काठी टेकत मंदिराकडे निघाली. दहा पावलं मागे राजपाल, दुरुस्त गाडीत एकटा. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. मग म्हातारीचा पाय लटपटला, तसा रागही गेला. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला हा माणूस गाडीतून उतरून तिच्यापुढे गेला.

"बसा ना, माय. पाया पडतो तुमच्या."

कंचनबाईने काठीने त्याला वाटेतून बाजूला केलं आणि पुढचं पाऊल टाकलं.