समोरून साहेब

आमच्या गावात ज्याच्या ज्याच्या ओळखपत्रावर फोटो आहे, तो माणूस एकाच काळ्या कोटात आहे. पोस्टमन, कंपाउंडर, शाळेचे हेडमास्तर, सगळे! कोट माझ्या मामाच्या स्टुडिओतला. मामा स्वतः मात्र बारा महिने बनियनवर.

कोट जाड्यालाही व्हावा म्हणून मामाने तो पाठीत खालपासून कॉलरपर्यंत उभा कापला होता. बारीक गिऱ्हाईक आलं की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो आवळायचा. "फोटोत पाठ येत नाही," हे त्याचं तत्त्वज्ञान. आणि जीभ अशी की, "हनुवटी वर कर! नोकरी मागतोयस, माफी नाही!"

त्या दिवशी एक काडीपहिलवान आला. रस्त्याच्या पार टोकाच्या गोदामात त्याची मुलाखत होती, अर्जाला फोटो हवा होता. मामाने कोट चढवला, मागून चिमटे ठोकले, फोटो काढला आणि तो छापायला आत गेला. पोरगा आरशासमोरून हलेना. स्वतःलाच ओळखत नसल्यासारखा बघत होता. मी आतून फोटो आणून त्याच्या हातात ठेवले मात्र, एकदम "अर्ध्या तासात आणून देतो, ताई!" म्हणाला आणि कोटासकट पसार!

मी बोंब ठोकली. मामा धावत बाहेर आला.

"मामा, कोट गेला!"

"अगं, कोट जाऊ दे खड्ड्यात! त्याची पाठ! पाठ!"

आणि बनियनवरच रस्त्यात! मामा पुढे, मी मागे. चपला कुठल्या कुठे. गोदामाच्या ऑफिसपाशी पोचलो तेव्हा आमच्या छातीचा भाता झाला होता. दाराच्या काचेतून पाहिलं तर पोरगा मॅडमसमोर बसलेला. समोरून साहेब असेल, पण आमच्याकडून लाल-पिवळे चिमटे आणि फटीतून चौकटीचा शर्ट! मामाने माझा दंड असा धरला की हाडं कडकडली. "वळू नकोस रे बाबा," तो पुटपुटत होता.

तेवढ्यात पोरगा सही करायला वाकला आणि एक चिमटा टणकन उडाला.

"काय पडलं?" मॅडम.

पोरग्याने हात मागे नेला. चाचपलं. त्याचे कान मागूनसुद्धा लाल झालेले दिसले. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो उभा राहिला, कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घालून म्हणाला, "कोट फोटोवाल्यांचा आहे, मॅडम. न विचारता आणला. शर्ट माझा आहे."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बसा. मग आता शर्टवाल्याशी बोलू."

दार उघडेपर्यंत मामाने व्हरांड्यात किती येरझारा घातल्या देव जाणे. पोरगा बाहेर आला तो थेट मामाच्या पायाशी वाकला. मामाने त्याला कॉलर धरून उभा केला. "ते राहू दे. काय झालं ते बोल!"

"घेतलं, काका! मालाची राखण आहे, म्हणाल्या, असाच माणूस हवा." मग तो घुटमळला. "पण ओळखपत्रासाठी दुसरा फोटो मागितलाय. म्हणाल्या, यात तुम्ही दिसतच नाही."

उभ्या जन्मात मामाच्या फोटोला अशी नावं कुणी ठेवली नव्हती. आणि तो आनंदाने भर व्हरांड्यात, बनियनवर, नाचायचाच काय तो बाकी होता.